मत नसलेल्यांचेही वजन: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीस आणि सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

२००० सालच्या मार्चमध्ये जर्सी सिटीतल्या आमच्या भाड्याच्या घरी सेन्ससचा, म्हणजे जनगणनेचा, फॉर्म आला. लग्न होऊन इथे आले त्याला जेमतेम चार महिने झाले होते. दोन खोल्यांत आम्ही चौघे राहायचो. मी, नवरा आणि त्याच्या ऑफिसातली दोन मुले, एक सोलापूरचा, एक नाशिकचा. ते दोघे बाहेरच्या खोलीत गाद्या टाकून झोपत आणि भाड्याचा अर्धा वाटा उचलत. भाडेकरारावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचे होते. १ एप्रिलला या घरात किती माणसे राहतात, असे फॉर्म विचारत होता. मी पेन धरून बराच वेळ बसले आणि 'दोन' लिहिले. घरमालकाला कळले तर काय, ही एक भीती होती. शिवाय मनात असे होते की आपण इथे पाहुणे, व्हिसा संपला की परत जायचे. आपल्याला मत नाही, तर आपल्याला मोजून यांना काय मिळणार?

काय मिळते ते कळायला मला सोळा वर्षे लागली. २०१३ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत दिले. त्या रात्री टीव्हीवर नकाशातली राज्ये एकेक करून लाल-निळी होत असताना धाकटीने विचारले, "आई, न्यू जर्सीला चौदाच का? टेक्सासला अडतीस, आपल्याला चौदा. हे कोण ठरवतं?" मला उत्तर देता आले नाही. लाज वाटली. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्न पाठ केले होते, त्यांत हा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागले. जे सापडले ते तुमच्यापर्यंत पोचवण्यासाठी, आणि त्यावरून एक विनंती करण्यासाठी हे पत्र.

राष्ट्राध्यक्ष निवडतात ते ५३८ इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडून दिलेले मतदार-प्रतिनिधी. प्रत्येक राज्याला त्याचे सिनेटर आणि प्रतिनिधिगृहातले सदस्य मिळून जितके होतात तितके इलेक्टर. सिनेटर सगळ्यांनाच दोन, म्हणजे १००. प्रतिनिधिगृहाचे, आपण हाऊस म्हणतो त्याचे, ४३५. आणि १९६१ च्या २३व्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३. जिंकायला २७० लागतात. एवढे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. न्यू जर्सीचे चौदा म्हणजे हाऊसच्या बारा जागा अधिक दोन सिनेटर, हेही एकदा सांगितले की कळते. प्रश्न त्यापुढचा आहे. बाराच का?

कारण दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीवरून या ४३५ जागा राज्याराज्यांत वाटल्या जातात. आणि ती शिरगणती मतदारांची नसते. १८६८ च्या १४व्या घटनादुरुस्तीने सांगितले की राज्यातल्या एकूण व्यक्तींची संख्या धरायची. तिथे शब्द 'व्यक्ती' आहे. 'मतदार' नाही, 'नागरिक'ही नाही. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आलेला तरुण, त्याची एच-फोरवरची, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरची, बायको, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकलेला इंजिनिअर, कार्ड मिळालेली सासू, पाळण्यातले बाळ, हे सगळे मोजले जातात. मत देता येत नसले तरी, ज्या राज्यात ते राहतात त्या राज्याच्या इलेक्टरांच्या संख्येत त्यांचे वजन पडते. सोलापूरच्या आणि नाशिकच्या त्या दोन मुलांचे ते वजन मी माझ्या हाताने खोडले होते.

वाटणीची रीत पंगतीतल्या वाढपासारखी आहे. आधी पन्नासही पानांवर एकेक जागा वाढायची. वायोमिंग असो की कॅलिफोर्निया, पहिला वाढा सारखाच. उरतात ३८५. मग वाढपी एकेक जागा हातात घेऊन पंगतीवर नजर फिरवतो, आत्ता सगळ्यांत जास्त भूक कुणाची? भूक मोजायला सूत्र आहे. राज्याच्या पानावर आत्ता असलेल्या जागा आणि ही मिळाली तर होणाऱ्या जागा, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने राज्याच्या लोकसंख्येला भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याच्या पानावर ५१वी जागा. ती कॅलिफोर्नियाला जाते. जागा मिळाली की त्या राज्याचा भागाकार खाली येतो आणि पुढच्या फेरीत दुसरे कुणी वर येते. १९४१ पासून हीच रीत चालू आहे. त्याआधी इतर रिती होऊन गेल्या आणि प्रत्येकीवरून भांडणे झाली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिला नकाराधिकार वापरला तो १७९२ मध्ये, याच वाटणीच्या विधेयकावर.

४३५वी जागा वाढली की पातेले रिकामे. आणि खरी गंमत, खरे दुःखही, त्या शेवटच्या जागेपाशी आहे. २६ एप्रिल २०२१ ला २०२० च्या जनगणनेचे आकडे जाहीर झाले तेव्हा शेवटची जागा मिनेसोटाला गेली. ४३६वी असती तर ती न्यू यॉर्कची. न्यू यॉर्क राज्याची लोकसंख्या २ कोटी २ लाखांच्या आसपास आणि जागा हुकली ती ८९ माणसांनी. बाकी सगळ्या राज्यांचे आकडे तेच राहून न्यू यॉर्कमध्ये ८९ माणसे जास्त मोजली गेली असती, तर त्यांच्या हाऊसच्या जागा २७ च राहिल्या असत्या आणि इलेक्टर २९. झाले २८. पुढची दहा वर्षे २८.

८९ माणसे म्हणजे किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. गणपतीच्या आरतीला क्वीन्समधल्या एखाद्या हॉलच्या एका कोपऱ्यात उभी राहतात तेवढी. आपल्या कोजागरीच्या बसमध्ये आणि मागून येणाऱ्या दोन-चार गाड्यांत मावतात तेवढी. चार-चार जण दोन खोल्यांत राहतात अशी २३ घरे धरा, त्या प्रत्येक घरात कुणी माझ्यासारखी चार महिन्यांची नवखी मुलगी 'दोन' लिहिते अशी कल्पना करा. ४६ गेले. अशी ४५ घरे झाली की ८९ च्या वर. मिनेसोटाने काय केले? टपालाने, फोनवर किंवा संगणकावर स्वतःहून उत्तर देण्याचे त्यांचे प्रमाण त्या वर्षी देशात सर्वांत जास्त होते.

हे काही एकदाच घडलेले नाही. २००० च्या जनगणनेत युटा राज्याची जागा ८५७ माणसांनी हुकली आणि ती नॉर्थ कॅरोलायनाला गेली. युटा थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. परदेशी धर्मप्रचाराला गेलेले आमचे तरुण मोजा, असे त्यांचे म्हणणे होते, कारण परदेशी असलेले सैनिक आणि केंद्र सरकारचे नोकर मोजले जातात, मग हे का नाहीत? ते मान्य झाले नाही. दहा वर्षे थांबून २०१० च्या जनगणनेत त्यांनी ती जागा मिळवली. त्याच २०१० मध्ये आपल्या न्यू जर्सीने एक गमावली. तेराच्या बारा झाल्या, पंधरा इलेक्टरांचे चौदा. माझ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. माझ्या २००० च्या त्या 'दोन'ने त्या वर्षी राज्याचे काही बिघडले नाही, जागा तेरा होत्या त्या तेराच राहिल्या, हेही मी मुद्दाम बघितले. पण ते माझ्या शहाणपणाने झालेले नाही.

एका राज्याची जागा दुसऱ्याकडे जाते ती पातेले मोठे होत नाही म्हणून. पूर्वी तसे नव्हते. देश वाढला की हाऊसही वाढे. १९११ च्या कायद्याने आणि पाठोपाठ आलेल्या ॲरिझोना, न्यू मेक्सिकोच्या जागांनी ते ४३५ वर पोचले. मग १९२० ची जनगणना झाली. शहरांत राहणारी माणसे खेड्यांतल्या माणसांपेक्षा जास्त भरली, असे या देशात पहिल्यांदाच झाले, आणि शहरांत स्थलांतरित भरले होते. वाटणी केली असती तर खेड्यापाड्यांतल्या राज्यांच्या जागा गेल्या असत्या. म्हणून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्या दशकात वाटणीच केली नाही. १९२४ आणि १९२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका १९१० च्या माणसांवर झाल्या. लाखो माणसे शहरांत राहत होती, कारखान्यांत काम करत होती, पण इलेक्टरांच्या हिशेबात ती अजून आधीच्याच गावी होती किंवा आलेलीच नव्हती. १९२९ च्या कायद्याने वाटणी आपोआप व्हायची सोय केली, पण आकडा ४३५ वरच राहिला. अलास्का आणि हवाई आल्यावर थोडे दिवस ४३७ झाला तेवढाच. १९१० मध्ये देशात ९ कोटी २२ लाख माणसे होती, २०२० मध्ये ३३ कोटी १४ लाख. तेव्हा एका सदस्यामागे २ लाख १० हजार, आता ७ लाख ६१ हजार.

छोट्या राज्यांना इलेक्टरांच्या या रचनेचा फायदा होतो, हे खरे आहे. वायोमिंगची ५,७६,८५१ माणसे आणि ३ इलेक्टर, म्हणजे एका इलेक्टरमागे १ लाख ९२ हजार. कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजार, टेक्सासमध्ये ७ लाख २९ हजार, आपल्याकडे साडेसहा लाखांच्या वर. २००० च्या निवडणुकीत बुश यांना इलेक्टरांची २७१ मते मिळाली, गोर यांना २६६. राजधानीच्या एका इलेक्टरने कोरी मतपत्रिका टाकली, नाहीतर गोर यांची २६७ झाली असती. बुश यांनी ३० राज्ये जिंकली होती, गोर यांनी २० आणि राजधानी. सिनेटपोटी मिळणारे दोन-दोन इलेक्टर सगळीकडून काढून टाका, तर बुश २११ आणि गोर २२५. २०१६ लाही हाच हिशेब मी करून बघितला. राज्यांनी निवडून दिलेले ३०६ विरुद्ध २३२, त्याचे होतात २४६ विरुद्ध १९०, निकाल काही बदलत नाही. देशभरात कमी मते पडूनही जिंकण्याचे तिथले कारण निराळे होते. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे पुढे असणाऱ्याला राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर मिळतात. मला स्वतःला देशभरची मते सरळ मोजावीत हे पटते. १९६९ मध्ये हाऊसने तशी घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर केली होती आणि पुढच्या वर्षी सिनेटमध्ये ती अडवली गेली. पण मंडळात दोन्ही पक्षांची माणसे आहेत, इलेक्टर हवेत म्हणणारेही आहेत. या पत्राने मला तो वाद घालायचा नाही. इलेक्टर आहेत तोवर ते कुणाला मोजून ठरतात, एवढ्यापुरतेच मी बोलते आहे.

इथे आपल्या मायदेशाची आठवण येते. भारताचे राष्ट्रपती निवडताना महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरतात. ते येते कुठून? राज्याची लोकसंख्या भागिले २८८ आमदार, भागिले हजार. पण ही लोकसंख्या २०११ ची ११ कोटी २४ लाख नाही, १९७१ ची ५ कोटी ४ लाख आहे. कुटुंबनियोजन केलेल्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९७६ मध्ये हे वर्ष गोठवले आणि पुढे २००१ मध्ये २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मुदत वाढवली. कारण समजण्यासारखे आहे, उत्तर प्रदेशाचे २०८ आणि तमिळनाडूचे १७६ त्याच हिशेबाने आहेत. पण त्याचा एक अर्थ असा की १९७१ नंतर जन्मलेला एकही मराठी माणूस त्या १७५ मध्ये नाही. मी नाही, माझा नवरा नाही, आमच्याबरोबर राहणारी ती दोन मुलेही नाहीत. ज्या देशात आम्ही जन्मलो तिथल्या या आकड्यात आम्ही कधीच नव्हतो, आणि ज्या देशात व्हिसावर आलो त्याने पहिल्याच वर्षी विचारले की तुमच्या घरात किती माणसे. त्याला मी खोटे उत्तर दिले.

मोजले जाणे आणि मत असणे या दोन गोष्टींत अंतर असले की काय होते, याचा या देशाचा इतिहास सुखाचा नाही. सुरुवातीच्या घटनेत गुलाम केलेल्या पाच माणसांमागे तीन धरली जात. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांत स्वतंत्र माणसे जवळपास सारखी होती, साडेचार लाखांच्या आगेमागे. व्हर्जिनियात त्याखेरीज २ लाख ९२ हजार गुलाम होते. त्यावरून झालेल्या वाटणीत पेनसिल्व्हेनियाला १५ इलेक्टर मिळाले आणि व्हर्जिनियाला २१. ज्यांना मारहाण करून शेतात राबवले जात होते त्यांच्या डोक्यांचे वजन त्यांच्या मालकांच्या पारड्यात पडले. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे होते.

आपल्या लोकांचेही एक पान त्यात आहे. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात 'हिंदू' असा एक प्रकार असे. पंजाबातून आलेला शीख असो की बंगालचा मुसलमान, सगळे 'हिंदू'. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय माणूस नागरिक होऊ शकत नाही. १९४६ च्या कायद्याने तो दरवाजा उघडला. मधल्या काळात कॅलिफोर्नियात शेतावर राबणारे भारतीय मोजले जात होते आणि मत मिळण्याची त्यांना आशाही नव्हती. आपण त्यांच्यापेक्षा नशीबवान आहोत.

म्हणूनच जे म्हणतात की नागरिक नसलेल्यांना वाटणीत धरूच नये, त्यांचे म्हणणे मी मन लावून ऐकले. ओहायोतला एक शेजारी मला म्हणाला होता, "आमच्याकडे परदेशी माणसे कमी, म्हणून आमचे इलेक्टर कमी. माझ्या मताला हा अन्याय नाही का?" प्रश्न रास्त आहे. आणि तो आता नुसता गप्पांचा राहिलेला नाही. मे २०२४ मध्ये हाऊसने २०६ विरुद्ध २०२ मतांनी एक विधेयक मंजूर केले. सेन्ससमध्ये नागरिकत्व विचारा आणि नागरिक नसलेल्यांना वाटणीतून वगळा, असे ते होते. सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला होता तो कागदपत्रे नसलेल्यांना वगळण्याचा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तसेच सूतोवाच झाले. पण २०२४ च्या त्या विधेयकाचे शब्द नीट वाचा. वगळायच्या माणसांत एच-वन-बीवाले येतात, ग्रीन कार्डवाले येतात. कर भरून वीस वर्षे झालेले तुमचे शेजारी येतात.

त्या शेजाऱ्याला माझे उत्तर असे होते. पाच वर्षांच्या मुलाला मत नाही, तरी त्याला मोजतात. १९२० पर्यंत देशातल्या बहुतेक राज्यांत बायकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नव्हते, तरी त्या पहिल्या जनगणनेपासून मोजल्या गेल्या. १४वी दुरुस्ती तयार होताना, १८६६ मध्ये, फक्त मतदार मोजावेत अशा सूचना आल्या होत्या, आणि विचार करून त्या बाजूला ठेवल्या गेल्या, कारण निवडून गेलेला माणूस मत न दिलेल्यांचाही प्रतिनिधी असतो. हे पुस्तकातले वाक्य नाही. आपली ग्रीन कार्डाची फाइल अडली, आईच्या अंत्यविधीला जाताना परतीची कागदपत्रे अडकली, तर आपण कुणाच्या ऑफिसला फोन लावतो? काँग्रेसमनच्या, म्हणजे हाऊसमधल्या आपल्या प्रतिनिधीच्या. आणि तिथली मुले आपल्याला 'तुम्ही मतदार आहात का' असे न विचारता फाइल नंबर विचारतात. आपण त्यांच्या मतदारसंघात राहतो म्हणून. गुलामांच्या मोजणीत आणि या मोजणीत फरक आहे तो हा. त्या माणसांच्या नावाने मिळालेली ताकद त्यांच्याच विरुद्ध वापरली गेली. इथे ती आपल्या दारापर्यंत येऊ शकते, आपण आहोत असे कुठेतरी लिहिलेले असेल तर.

आता २०२० बद्दल. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. सेन्ससची पत्रे नुकतीच घरोघर आली होती आणि पाडव्याच्या कार्यक्रमात एक टेबल मांडून सभासदांना माहिती द्यायची असे मी आमच्या मंडळात ठरवून घेतले होते. कोविड आला, हॉल रद्द झाला, श्रीखंडाची ऑर्डर रद्द झाली. मग सभासदांची यादी घेऊन मी घरातून फोन करत बसले. दीडशेच्या वर फोन केले. जी उत्तरे मिळाली ती सांगते, कारण २०३० मध्ये तुम्हाला तीच मिळणार आहेत.

सर्वांत जास्त वेळा ऐकले ते हे: "आम्हाला कुठे मत आहे?" त्याचे उत्तर वर दिले आहे. दुसरे, "बाळ झालंय, पण ते काय मोजायचं." लहान मुले हीच या देशाच्या जनगणनेतून सर्वांत जास्त निसटतात, पाच वर्षांच्या आतली तर फारच. ३१ मार्चला जन्मलेले बाळ अजून हॉस्पिटलमध्ये असले तरी ते मोजायचे असते. तिसरे, आजी-आजोबांचे. व्हिजिटर व्हिसावर चार महिन्यांसाठी आलेल्या, पुण्यात घर असलेल्या सासूबाई मोजायच्या नाहीत. पण ग्रीन कार्डवर इथेच राहणारी आई मोजायची. आणि सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे अशी जी मंडळी आहेत त्यांनी वर्षातला जास्त काळ जिथे जातो ते घर धरायचे. अगदी सारखाच असेल तर १ एप्रिलला जिथे मुक्काम आहे ते. चौथे, कॉलेजात गेलेली मुले. ती आईवडिलांच्या फॉर्मवर नाहीत, जिथे राहून शिकतात तिथे मोजली जातात. एका घरात चार जण भाडे वाटून राहत असले तर चारही. भाडेकरारावर नाव कुणाचे, हे सेन्सस विचारत नाही.

आणि पाचवे उत्तर, जे कुणी पूर्ण बोलत नाही. "नको, उगाच कुठे नाव…" फोनवर तो आवाज ऐकला की मला माझे जर्सी सिटीचे टेबल आठवायचे. ही भीती खुळी आहे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत टाकले गेले तेव्हा जनगणनेची माहिती त्या कामी आली होती. त्या इतिहासामुळेच आजचा कायदा कडक आहे. सेन्ससला दिलेली नावे आणि पत्ते इमिग्रेशनला, कर खात्याला, पोलिसांना, घरमालकाला देता येत नाहीत. फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नावानिशी नोंदी ७२ वर्षे बंद राहतात. २०२० च्या फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा प्रश्न घालण्याचा प्रयत्न झाला होता, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो अडला आणि फॉर्म त्या प्रश्नाशिवायच निघाला. यापुढेही असे प्रयत्न होतील. तेव्हा मंडळांनी काँग्रेसमनच्या ऑफिसला पत्र लिहायला मागेपुढे पाहू नये.

टेक्सास, फ्लोरिडा आणि इलिनॉयमधल्या मंडळांना माझे वेगळे सांगणे आहे. २०२२ मध्ये सेन्सस ब्युरोने स्वतःच मोजणी तपासली तेव्हा सहा राज्यांत माणसे कमी मोजली गेल्याचे निघाले, त्यांत ही तिन्ही होती. फ्लोरिडात जवळपास साडेतीन टक्के, टेक्सासमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. टेक्सासच्या लोकसंख्येला दोन टक्के म्हणजे साडेपाच लाखांच्या वर माणसे. मिनेसोटात उलट जास्त मोजली गेली होती. पण चूक कळली तरी वाटणी बदलत नाही. नमुना पाहणीवरून वाटणीचे आकडे दुरुस्त करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवून टाकले आहे. जो १ एप्रिलच्या हिशेबात राहिला तो दहा वर्षांसाठी राहिला. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनमध्ये गेल्या काही वर्षांत आपली किती कुटुंबे राहायला गेली आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

विनंती एवढीच आहे. पुढचा जनगणना दिन १ एप्रिल २०३०. त्या वर्षी पाडवाही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच येतो. प्रत्येक मंडळाने आपल्या पाडव्याच्या कार्यक्रमात दाराशीच एक टेबल सेन्ससचे ठेवावे आणि त्याआधीच्या संक्रांतीपासून सभासदांना त्याबद्दल सांगायला लागावे. करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण सेन्ससची माहिती द्यायला काही आडकाठी नाही. वर्गणीदार नसलेली, चार-चार जण एकत्र राहणारी नवी मुले मंडळाच्या यादीत नसतात. ती क्रिकेटच्या मैदानावर आणि पटेलांच्या दुकानात भेटतात, त्यांच्यापर्यंत जावे. मराठी शाळांच्या शिक्षकांना सांगावे, कारण घरातले फॉर्म आता मुलेच भरून देतात. आणि बायकांना सांगावे, ज्या व्हिसामुळे नोकरी करू शकत नाहीत आणि स्वतःला कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. मी त्यांच्यातलीच एक होते.

आमच्या मंडळाची पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असे मी सचिवांना कळवले आहे. इतर मंडळांनी बोलावले तर मी येईन. टेबल, दोन खुर्च्या आणि पंगतीची ती वाटणी समजावून सांगायला ४३५ चणे माझ्याकडे आहेत. माझ्या मुलीने ते एका डब्यात मोजून ठेवले आहेत.

आपली,
मध्य न्यू जर्सीतल्या एका मंडळाची जुनी सभासद